शेजारच्या टेबलावर नेमकं काय चालतं? : सहकाऱ्यांना एकमेकांचं काम कळावं म्हणून काय करायचं

आमच्या कंपनीत विक्री विभाग आणि हिशेब विभाग यांच्यामध्ये काचेची भिंत होती. पलीकडची माणसं दिवसभर दिसायची, पण ती काय करतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विक्रीवाल्यांना वाटायचं, ही मंडळी मुद्दाम बिलं अडवून ठेवतात. हिशेबवाल्यांना वाटायचं, यांना साधा फॉर्म नीट भरता येत नाही. मी समन्वयाच्या कामावर नवी होते. दोन्हीकडची गाऱ्हाणी माझ्या टेबलावर यायची आणि मी ती इकडून तिकडे पोचवायचे, बस.

यावर मी काढलेला पहिला तोडगा सपशेल पडला. दर शुक्रवारी एका विभागाने अर्ध्या तासाचं सादरीकरण करायचं असं ठरवलं. सहा शुक्रवार झाले. प्रत्येक वेळी तेच : विभागाची रचना, उद्दिष्टं, वर्षभरातली कामगिरी आणि शेवटच्या स्लाइडवर ‘धन्यवाद’. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जागेवर गेले आणि सोमवारी पुन्हा त्याच कागदावरून तीच खडाजंगी. दुसऱ्या खेपेला वेगळी वाट धरली, ती बऱ्यापैकी लागू पडली. ‘टीममध्ये एकमेकांच्या कामाची जाण वाढवा’ असं सांगून कुणी तुमच्यावर ही जबाबदारी ढकलली असेल आणि सुरुवात कुठून करायची हे सुचत नसेल, तर पुढचं वाचा.

दुसऱ्या खेपेला उमगलं ते इतकंच की, दुसऱ्याचं सगळं काम शिकायची गरज नसते. दोन कामं जिथे एकमेकांना टेकतात तो सांधा कळला पाहिजे. मी काय देते, केव्हा देते, कोणत्या रूपात देते आणि माझ्या हातून सुटल्यावर त्याचं पुढे काय होतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या सांध्याभोवतीच आहेत.

हाताशी काय काय लागेल

- वरिष्ठांची लेखी परवानगी. दोन ओळींचा ईमेल चालेल, पण माणशी किती तास जाणार हे त्यात असावं. तोंडी ‘हो हो, करा’ म्हटलेलं महिनाअखेरीच्या गडबडीत कुणाला आठवत नाही.
- प्रत्येकासाठी एक ‘कामाचं पान’. नमुना तिसऱ्या पायरीत आहे.
- साध्या वह्या. लॅपटॉप नको, शेजारी बसून कुणी टाइप करू लागलं की समोरच्याला जबानी दिल्यासारखं वाटतं.
- दोन-तीन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या, जाड पेन आणि एक मोकळी भिंत. माणसं वेगवेगळ्या ठिकाणी बसत असतील तर सगळ्यांना लिहिता येईल असा ऑनलाइन फळा.
- रोजच्या वापरातल्या फॉर्मचे, एक्सेल शीटचे, ईमेलचे भरलेले नमुने. कोरा फॉर्म काहीच सांगत नाही. ग्राहकांची नावं, फोन नंबर, पगाराचे आकडे मात्र आधी झाका.
- संक्षेपांची यादी. ही कामाच्या ओघात तयार होत जाते. आमच्याकडे ‘पीआर’ म्हणजे एका विभागात खरेदीची मागणी आणि दुसऱ्या विभागात जनसंपर्क होता. असे घोटाळे तुमच्याकडेही निघतील.

दहा-बारा जणांच्या टीमला साधारण सहा आठवडे धरा. एका माणसाचे आठवड्याला दोन तासांपेक्षा जास्त घेऊ नका.

१. दुखरा सांधा आधी शोधा

‘सगळ्यांना सगळ्यांचं काम कळलं पाहिजे’ हे ऐकायला छान वाटतं. पण दहा माणसांत ४५ जोड्या होतात. तेवढ्या लावत बसलात तर वर्ष संपेल आणि उत्साह त्याच्या कितीतरी आधी. दोन किंवा तीनच सांधे निवडा, जिथे रोज काहीतरी अडकतं.

ते शोधायला सर्वेक्षण वगैरे करायची गरज नाही. गेल्या महिन्याचे कामाचे ईमेल उघडा आणि ‘पुन्हा पाठवा’, ‘अजून मिळालं नाही’, ‘हे कुणाकडे आहे?’, ‘माहिती अपूर्ण आहे’ अशी वाक्यं शोधा. कोणत्या दोन टेबलांमध्ये ती सर्वांत जास्त वेळा येतात ते मोजून ठेवा. हा आकडा जपून ठेवा, शेवटी लागणार आहे. दुसरी खूण कानाने पकडायची. ज्यांना नावाने न बोलावता ‘ती माणसं’ म्हटलं जातं, तिथे सांधा दुखतोय असं समजा.

सांधा म्हणजे किरकोळ गोष्ट वाटत असेल तर मंगळाकडे पाठवलेल्या एका यानाचं उदाहरण बघा. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोचलं आणि तिथेच गमावलं. एका गटाच्या सॉफ्टवेअरमधून इंजिनाच्या धक्क्याचे आकडे पौंड-सेकंदांत येत होते, दिशा सांभाळणारा गट ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होता. दोन्हींत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. एकही गट अडाणी नव्हता. एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या आकड्यापुढे कोणतं एकक आहे, हे वेळेत कुणी पडताळून पाहिलं नाही, एवढंच. तुमच्या ऑफिसात यान पडणार नाही, पण ‘मंगळवारपर्यंत’ म्हणजे मंगळवार सकाळ की मंगळवार संध्याकाळ, यावरून आमच्याकडे माल दोनदा चुकला आहे.

२. हेतू सांगा, आणि खरा सांगा

ही पायरी मी पहिल्यांदा गाळली होती. गोदाम सांभाळणारे आमच्याकडचे एक ज्येष्ठ सहकारी होते, नोकरीची बरीच वर्षं झालेले. ‘अमुक दिवशी डिस्पॅचचा (माल रवाना करणाऱ्या विभागातला) मुलगा तुमच्याबरोबर बसेल’ असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, “मॅडम, माझ्या जागी कुणाला तयार करताय?”

त्यांची शंका चुकीची नव्हती. ‘तुझं काम नीट लिहून दे’ या वाक्यानंतर अनेकांची नोकरी गेलेली असते, आणि ते सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे सुरुवातीलाच तीन गोष्टी स्पष्ट सांगा. हे कशासाठी आहे (अमुक सांध्यावर होणारी अडवणूक कमी करण्यासाठी), यातून मिळालेली माहिती कुठे वापरली जाणार नाही (मूल्यमापन, पगारवाढ, कुणाला कमी करणं) आणि कागद कुणाकुणाला दिसणार. हे तुम्ही सांगून भागत नाही. वरिष्ठांनी स्वतः सांगावं, आणि कामाचं पहिलं पान त्यांनीच भरून सगळ्यांना दाखवावं. आमच्या व्यवस्थापकांनी ‘बाहेरून सोपं दिसतं पण वेळ खातं’ या रकान्यात लिहिलं होतं : ‘नाही म्हणणं.’ ते वाचून बरेच जण मोकळे झाले.

सावध राहा : कंपनीत खरोखरच मनुष्यबळ कपात चालू असेल तर हा उद्योग पुढे ढकला. खोटा दिलासा देऊ नका. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून कुणी स्वतःचं काम उलगडून दाखवलं आणि नंतर त्याचाच नंबर लागला, तर त्या टीममध्ये पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही.

३. कामाचं पान भरून घ्या

एकच पान, हाताने लिहिलेलं असलं तरी चालेल. नेमणूकपत्रातलं कामाचं वर्णन उतरवून काढायला बंदी घाला. ‘समन्वय साधणे’, ‘पाठपुरावा करणे’, ‘देखरेख ठेवणे’ हे शब्दही वर्ज्य. या शब्दांमागे नेमकं काय करतो ते लिहायचं : फोन करतो, यादी तपासतो, सही घेतो.

प्रश्न हे :

- माझ्याकडे काम कुणाकडून आणि कोणत्या रूपात येतं?
- मी त्याचं काय करते? (पाच ओळींत)
- पुढे कुणाला देते, केव्हापर्यंत?
- माझ्या दिवसातली घड्याळाला बांधलेली वेळ कोणती? त्या वेळी मला काय विचारू नये?
- काम कशामुळे अडतं?
- बाहेरून सोपं दिसतं पण वेळ खातं, असं काय आहे?
- माझं काम नसताना लोक मला काय विचारायला येतात?
- मी रजेवर असेन तर कुणाला विचारायचं?

आमच्या डिस्पॅचच्या मुलाने भरलेल्या पानातला एक तुकडा देते, म्हणजे किती बारीक लिहायचं याचा अंदाज येईल : ‘विक्रीकडून शीट येते. मी पत्ते बघून गाडीप्रमाणे गट पाडतो. चार वाजता ट्रान्सपोर्टवाल्याला गाड्यांचा आकडा कळवावा लागतो. चारनंतर आलेली ऑर्डर उद्याच्या गाडीत. तरी कुणी अर्जंट म्हटलं तर मला सगळे गट मोडून पुन्हा लावावे लागतात, त्यात पाऊण तास जातो.’

विक्रीतल्या एकालाही चार वाजताचा हा नियम माहीत नव्हता. त्यांच्या दृष्टीने पाच वाजता पाठवलेली ऑर्डर म्हणजे ‘आजची’ ऑर्डर. कित्येक महिन्यांची धुसफूस होती, आणि तिचं मूळ या एका ओळीत होतं.

सहाव्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत मोलाचं असतं आणि लोक नेमका तोच रिकामा सोडतात. ‘तसं काही नाही’ असं लिहिलं असेल तर परत जा आणि निवांत विचारा, “कोणत्या कामाबद्दल लोक म्हणतात, एवढ्याला एवढा वेळ?” मग बोलू लागतात.

पानं भरून झाली की एक छोटा खेळ करता येतो, ऐच्छिक आहे. मायकेल रॉस आणि फिओर सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांनी नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारलं, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक वेळा पूर्ण कामापेक्षा जास्त भरली. माणसं खोटं बोलत नव्हती. आपण केलेलं आपल्याला पटकन आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपण पाहिलेलंच नसतं. आम्ही एका ऑर्डरवर काम करणाऱ्या चौघांना हाच प्रश्न चिठ्ठीवर विचारला आणि टक्क्यांची बेरीज फळ्यावर मांडली. शंभरच्या बरीच वर गेली. हसू आलं सगळ्यांना. फक्त कुणी किती लिहिलं हे जाहीर करू नका. बेरीज तेवढी दाखवा.

४. शेजारी जाऊन बसा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा.

कागदावर लिहिलेलं काम आणि प्रत्यक्ष होणारं काम यांत फार अंतर असतं. टोयोटाच्या उत्पादन पद्धतीचे जनक ताइइची ओनो यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते : ते कारखान्याच्या जमिनीवर खडूने वर्तुळ काढत, त्यात अधिकाऱ्याला उभं करत आणि तासन् तास नुसतं बघायला लावत. काय सुचवायचं ते नंतर. आपल्याला वर्तुळ काढायचं नाही, खुर्ची ओढून बसायचं आहे. पण तत्त्व तेच.

कसं करायचं ते सांगते. एका बैठकीला दोन तास. त्यापेक्षा कमी वेळात माणूस ‘दाखवायचं’ काम दाखवतो, अर्ध्या तासानंतर तो विसरतो की कुणी बसलंय. वेळ अशी निवडा की त्यात ती घड्याळाला बांधलेली घटका येईल. डिस्पॅचचं काम बघायचं तर दुपारी तीन ते पाच. सकाळी अकराला गेलात तर सगळं शांत, आणि तुम्ही ‘यांना तर निवांत असतं’ असा चुकीचा ग्रह घेऊन परत याल. उलट वर्षातल्या सर्वांत धामधुमीच्या दिवशीही नको. त्या दिवशी तुम्ही अडगळ होता.

जोड्या सांध्याच्या हव्यात : ज्याच्याकडून काम निघतं त्याने, ज्याच्याकडे ते पोचतं त्याच्याकडे जाऊन बसायचं. पुढच्या आठवड्यात उलट. एकाच बाजूने केलं तर ती पाहणी होते आणि पाहणी कुणालाच आवडत नाही.

बसणाऱ्यासाठी एकच कडक नियम : सल्ला द्यायचा नाही. ‘हे तुम्ही फॉर्म्युल्याने का करत नाही?’ हा प्रश्नाच्या वेशातला सल्लाच आहे. तो वहीत लिहून ठेवा. बहुतेक वेळा तासाभरात त्याचं उत्तर समोर घडतं आणि आपण विचारलं नाही हे बरं झालं असं वाटतं. विचारायचे प्रश्न असे असावेत :

- आत्ता जे केलंत ते कशावरून ठरवलंत?
- हे चुकलं तर कुणाला आणि केव्हा कळतं?
- माझ्याकडून आलेल्या कागदातलं तुम्ही काय काय वाचता आणि काय सोडून देता?
- माझ्याकडून काय मिळालं असतं तर हे लवकर झालं असतं?

तिसऱ्या प्रश्नाने आमच्याकडे गंमत केली. विक्रीतली एक मुलगी हिशेब विभागात बसली होती. तिने पाहिलं की तिने मोठ्या निगुतीने भरलेला ‘शेरा’ रकाना तिथे कुणी उघडतही नाही. आणि ग्राहकाचं नाव, जे ती घाईत कधी पूर्ण, कधी अर्धं, कधी नुसती आद्याक्षरं असं लिहायची, ते नाव घेऊन पलीकडचे गृहस्थ रोज संध्याकाळी खातेवहीतल्या नावांशी एकेक करून जुळवत होते. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच शीटमध्ये नावांची ठरावीक यादी टाकली, आता नाव टाइप करायचं नाही, निवडायचं. मी हे काम तिला सांगितलं असतं तर तिने ‘आणखी एक नियम’ म्हणून कपाळाला आठ्या घातल्या असत्या.

दोन तास संपले की लगेच, उठायच्या आधी, पंधरा मिनिटं ठेवा. पाहुण्याने जे पाहिलं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं आणि यजमानाने दुरुस्त करायचं. ‘मग तुम्ही ही यादी पाठवता’ — ‘नाही, यादी पाठवत नाही, त्यांनी मागितली तरच देतो.’ इथेच गैरसमज सापडतात. हे उद्यावर टाकलंत तर निम्मं विसरलेलं असतं.

दूर बसून काम करणाऱ्यांसाठी स्क्रीन शेअर करून हेच करता येतं, पण दोन तास सलग नको, एकेका तासाच्या दोन बैठका करा. आणि काम करता करता मोठ्याने बोलायला सांगा, कारण पडद्यावर फक्त कर्सर हलताना दिसतो, माणूस कुठे थबकला ते दिसत नाही.

सावध राहा : स्वतःचा पासवर्ड देऊन दुसऱ्याला सिस्टिममध्ये बसवू नका, ‘फक्त बघायला’ म्हणूनही नाही. पगार, आजारपणाची रजा, तक्रारींच्या फाइल्स असं काही त्या टेबलावर येत असेल तर तो भाग वगळून वेळ ठरवा. यंत्रावर काम असेल तर सुरक्षेची साधनं पाहुण्यालाही सक्तीची, आणि पिवळ्या रेषेच्या अलीकडेच उभं राहायचं.

५. एका खऱ्या कामाचा माग भिंतीवर काढा

आता सांध्यावरच्या सगळ्यांना दीड तास एकत्र बोलवा. भिंतीवर आडवे पट्टे आखा, प्रत्येक पट्टा एका माणसाचा किंवा विभागाचा. मग नुकतीच पूर्ण झालेली एक खरी ऑर्डर, एक खरी तक्रार, जे काही तुमचं काम असेल ते घ्या आणि ते कुणाच्या पट्ट्यातून कुणाच्या पट्ट्यात गेलं त्या क्रमाने चिठ्ठ्या लावा. जिथे काम नुसतं पडून राहिलं तिथे लाल चिठ्ठी, किती वेळ ते लिहून.

‘साधारणपणे असं होतं’ या वाक्याला इथे जागा देऊ नका. त्या ऑर्डरचं काय झालं तेवढंच. साधारणपणे सगळं सुरळीतच चालत असतं, निदान सांगताना.

दोन जण एकच चिठ्ठी आपापल्या पट्ट्यात लावायला येतील, किंवा एखादी चिठ्ठी कुणीच उचलणार नाही. तिथे थांबा. आमच्याकडे ‘ग्राहकाला गाडी निघाल्याचं कळवणं’ ही चिठ्ठी अशीच हातात राहिली होती. तिन्ही विभागांना वाटत होतं ते दुसरं कुणीतरी करतं. ग्राहकच फोन करून विचारायचे, आणि तो फोन रिसेप्शनला जायचा. पहिला अर्धा तास वरिष्ठांना खोलीबाहेर ठेवता आलं तर ठेवा, चिठ्ठ्या जास्त खऱ्या निघतात.

६. सांध्याचा करार लिहा

अर्ध्या पानाचा. दोन्ही बाजूंनी बसून, शक्यतो त्याच आठवड्यात. आमचा एक करार असा होता :

*विक्री → डिस्पॅच. काय : ऑर्डर शीट, ग्राहकाचं नाव यादीतून निवडलेलं, पत्ता पूर्ण. केव्हा : दुपारी ३:३० पर्यंत. उशीर होणार असेल तर : ३:३० च्या आत फोन करून अंदाजे किती ऑर्डर येतील तो आकडा. डिस्पॅचकडून परत : ५:३० पर्यंत कोणती ऑर्डर कोणत्या गाडीत ते. अर्जंट म्हणजे : ग्राहकाचं काम थांबलेलं असेल तरच, आणि कारण लिहूनच. दोन्ही बाजूंची नावं, तारीख, तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं.*

‘अर्जंट’ची व्याख्या हा त्यातला सर्वांत वादाचा भाग होता. त्यावर घालवलेला वेळ वाया गेला नाही.

मोठ्या प्रकल्पांत जबाबदाऱ्यांचे तक्ते करतात : काम कोण करणार, उत्तर कोण देणार, सल्ला कुणाचा, कळवायचं कुणाला. ते तक्ते वाईट नसतात. पण रोजच्या कामात त्यांचा एक्सेल होतो, एक्सेलचा फोल्डर होतो आणि फोल्डर कुणी उघडत नाही. माझं मत विचाराल तर अर्धं पान टेबलावर चिकटवलेलं बरं.

७. थोडं करून पाहा, गरज असेल तिथेच

टीमच्या प्रशिक्षणावर काम करणाऱ्या संशोधकांनी एकमेकांची कामं शिकवण्याच्या तीन पातळ्या मांडल्या आहेत : काम सांगणं, काम दाखवणं आणि प्रत्यक्ष करायला लावणं. लोक उत्साहात थेट तिसरीवर उडी मारतात. पहिल्या दोन पातळ्या बहुतेक सांध्यांना पुरतात. तिसरी तिथेच, जिथे एक माणूस रजेवर गेला की काम ठप्प होतं.

करायला लावताना लहान आणि परत फिरवता येईल असा तुकडा द्या, मूळ माणूस शेजारी हवा. परवाना, सही किंवा विशेष प्रशिक्षण लागणारी कामं यात येत नाहीत.

सावध राहा : ‘तुला येतंच ना आता, मग तूच कर’ हा सापळा इथे लागतो. रजेच्या दिवसापुरतं शिकलेलं काम दोन महिन्यांत त्याच माणसाच्या गळ्यात कायमचं पडतं आणि पुढच्या वेळी कुणी काही शिकायला येत नाही. किती दिवस आणि कोणत्या प्रसंगी, हे वरिष्ठांकडून आधीच लिहून घ्या.

८. कुणाला बोलवायचं राहिलं?

यादी पुन्हा वाचा. रात्रपाळी? कंत्राटावरची माणसं? रिसेप्शन? आठवड्यातून दोनदा येणारा संगणक दुरुस्तीवाला? माझ्या पहिल्या यादीत यांतलं कुणीच नव्हतं, आणि ग्राहक कशावरून चिडतात हे सगळ्यांत नेमकं रिसेप्शनवरच्या ताईंना माहीत होतं.

नावं माहीत नसणं ही तर अगदी साधी गोष्ट वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी सुरक्षा तपासयादी आणली, तिच्यात चीर देण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि आपली भूमिका सांगितली आहे का, हे तपासायचं असतं. तिथे ही ओळख गरजेची मानली गेली, तर तुमच्या सोमवारच्या बैठकीत नव्या माणसासाठी एक मिनिट काढायला हरकत नसावी : नाव, आणि ‘माझ्याकडे या गोष्टीसाठी या’ हे एक वाक्य.

नवीन रुजू होणाऱ्याला पहिल्या आठवड्यात त्याच्या दोन्ही बाजूंच्या टेबलांवर दोन-दोन तास बसवा, स्वतःच्या खुर्चीवर बसायच्या आधी. नवखा माणूस जे प्रश्न विचारतो ते विचारायची जुन्यांना लाज वाटते.

९. फरक पडला का ते मोजा

पहिल्या पायरीतला आकडा काढा आणि तीच वाक्यं पुन्हा शोधा. तोच कालावधी, तीच दोन टेबलं. महिन्याभरात फार उतरणार नाही, तीन महिन्यांनी बघा. उतरला नसेल तर सांधा चुकीचा निवडला होता किंवा करार कुणी वाचत नाही. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात.

आकड्याबरोबर भाषेकडेही कान ठेवा. तक्रारी थांबणार नाहीत, तशी अपेक्षाही धरू नका. पण ‘ते लोक मुद्दाम करतात’ याच्या जागी ‘तुमची चारची यादी गेली का? माझी एक ऑर्डर राहिली आहे’ असं ऐकू येऊ लागलं की समजा, गाडी रुळावर आहे.

कामाच्या पानांवर तारीख घाला आणि वर्षातून एकदा बदला. जुनं पान भिंतीवर राहिलं तर ते नसण्यापेक्षा वाईट, कारण नवखे त्यावर विश्वास ठेवतात.

गोदामातल्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पहिल्या फेरीत पान भरलं नाही. मी आग्रह धरला नाही. तीन महिन्यांनी ते आपणहून भरलेलं पान घेऊन आले, मागची बाजूसुद्धा लिहिलेली. डिस्पॅचच्या मुलाला पाठवा म्हणाले, पण दिवस त्यांनी निवडला : वर्षअखेरच्या साठा मोजणीचा. धामधुमीच्या दिवशी नको, हा माझा नियम मी त्यांना सांगितला. ते म्हणाले, “तोच दिवस बघायला हवा त्याने.” मुलगा गेला, संध्याकाळी धुळीने माखून परत आला, आणि दुसऱ्या दिवसापासून माल उचलायच्या आधी त्यांना फोन करू लागला.